शिवकांताकाकूंचं लुगडं

आमच्या गावाचं एक बरं आहे. काही वाकडं झालं की कारण शोधण्यात वेळ घालवत नाहीत, थेट उपायाला लागतात. गेल्या चैत्रात महादेवाची काठी भर यात्रेत कोसळली आणि गावाने लगेच ठरवून टाकलं की देव कोपलाय, तेव्हा पुढच्या यात्रेला काठीला दुप्पट कापडं बांधायची. काठी पडली कशाने, हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं, तर मला सांगण्यात आलं की तू कॉलेजात शिकवतेस ना, मग तिथंच शिकव.

मी दीपमाला. तुळजापूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाव तामलवाडीच्या बाजूला असल्यामुळे घरूनच जाऊन-येऊन करते. आणि काठी ज्यांच्या हातातून पडली ते ज्ञानोबा, म्हणजे आमचे आण्णा, माझे वडील.

काठी म्हणजे दुमजली घराएवढा उंच वेळू. टोकाला भगवं निशाण आणि त्याच्या खाली नवसाची कापडं. ज्याचा नवस पुरा झाला तो खण बांधतो, टॉवेल बांधतो, ऐपत असली तर साडी बांधतो. गावापासून माळावरच्या देवळापर्यंत ही काठी उभी न्यायची, तीही एकट्याने. कमरेच्या चामडी पट्ट्यात बुडखा टेकवायचा आणि दोन हातांनी तोल सांभाळायचा. दोर लावायचे नाहीत. दोर लावून नेली तर आमच्याकडे त्याला काठी चालवली असं म्हणतच नाहीत. हा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर आण्णांनी घेतला आणि इतकी वर्षं त्यांच्या पायाला ठेच म्हणून लागली नव्हती.

गेल्या वर्षी माळावर चढता चढता समोरून वारं आलं. जत्रेतल्या पाळण्यावाल्याचं छत त्याने उचलून नेलं, म्हणजे वारं काय असेल ते बघा. काठी मागे गेली आणि मागून चालणाऱ्या बायकांच्या घोळक्यात पडली. बाकीच्या पांगल्या. शिवकांताकाकूंना हलता आलं नाही. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

शिवकांताकाकू आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचे यजमान आण्णांचे जिवाभावाचे मित्र. ते गेल्यावरही दोन घरांतलं येणंजाणं तसंच होतं. आमच्याकडे हुरडा झाला की पहिला वाटा तिकडे, त्यांच्याकडे शेंगा निघाल्या की पहिलं टोपलं इकडे. काकूंचा हात गळ्यात बांधलेला होता तोवर आई रोज डबा घेऊन जायची. आण्णा मात्र एकदाही गेले नाहीत. त्यांच्या दारावरून जायची वेळ आली की मागच्या पांदीने वळसा घालायचे. देवळाचा कारभार बघणाऱ्या भागवतकाकांना त्यांनी सांगून टाकलं की मान परत घ्या, माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. जेवायला बसले की अर्धी भाकरी ठेवून उठायचे. आई माझ्याकडे बघायची आणि मी चिडायचे. मला दुःख झालं की राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

फाल्गुनात एका संध्याकाळी गोठ्यात मी त्यांना गाठलंच. वर्ष होत आलं, एकदा त्या बाईच्या दारात जाऊन बरी आहेस का एवढं तरी विचारा, असं बरंच काही बोलून गेले. आण्णा म्हशीला वैरण टाकत होते. टाकत राहिले. मग पेंढी हातात तशीच धरून म्हणाले, "काय म्हणून जाऊ? काठी सुटली असंल तर इचारपूस कराया जावं. अन् म्या सोडली असंल तर पाय धराया जावं. म्या सोडली का सुटली, तेच मला कळंना, माय. वारं आलं अन् हात रिकामं झालं. मधलं काय बी ध्यानात न्हाय."

मला भडभडून आलं. वर्षभर हा माणूस स्वतःचीच साक्ष काढत होता आणि आम्ही समजत होतो की म्हातारपण आलं, मान गेल्याचं लागलं. देवाच्या कोपाचं त्यांना काही नव्हतं. भीती वाटून आपणच हात काढून घेतले आणि मित्राची बायको मागे ठेचली गेली, ही एकच शंका त्यांना खात होती.

तेव्हा मी ठरवलं की या वाऱ्याची ओढ मोजायची.

काठीच्या बाबतीत गावाचा सगळा ध्यास वजनावर. मागे एकदा काठी जड होते म्हणून सागवानी दांडा काढून पोकळ वेळू आणला. कापडांना तर वजनच नाही. सगळी गोळा केली तरी शाळेतल्या पोराचं दप्तर जड भरेल. म्हणून कितीही बांधा, असं गावाचं गणित. काठी हलकी झाली आणि कापडं वाढत गेली. पण कापड हलकं असलं तरी वाऱ्याच्या वाटेत आडवं येतं आणि वारा त्याला धरून ओढतो. पुस्तकात याला वायुरोध म्हणतात, आमच्या वर्गात सगळे ड्रॅगच म्हणतात. त्याची खोड अशी की वारा दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात ही ओढ लागते काठीच्या शेंड्याला आणि धरणाऱ्याचे हात असतात बुडाशी. दार कडीपाशी ढकलण्याऐवजी बिजागरीपाशी ढकलून बघा, म्हणजे आण्णांच्या हातांना काय पडत होतं ते कळेल.

मोठ्या संस्थांमध्ये हे मोजायला वाऱ्याचे बोगदे असतात. वस्तू जागेवर धरून ठेवतात आणि तिच्यावर वारा सोडतात. आमच्याकडे बोगदा नव्हता, पण माझ्या भावाचा, कृष्णराजचा पिकअप होता. हवा पडलेली असताना गाडी पळवली तर वस्तूला काय, वारा आला काय आणि आपण वाऱ्यात गेलो काय, सारखंच. कृष्णराज रोज भाजी घेऊन सोलापूरला जातो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ताई, रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर काय सांगू, देवाची कापडं वाळवतोय?

गेल्या वर्षीची कापडं देवळातल्या पेटीत होती. पुढच्या यात्रेपर्यंत ती जपून ठेवायची रीत आहे. भागवतकाकांनी ती दिली, पण हात धुऊन घ्यायचे आणि एकही कापड जमिनीला लागू द्यायचं नाही, या अटीवर. मी दोन्ही कबूल केलं. कॉलेजातून ताणकाटा आणला, स्प्रिंगवाला, ज्याला ओढलं की काटा किलोवर सरकतो.

गावातून हायवेला जाणारा नवा रस्ता एका पट्ट्यात अगदी सरळ आहे. सकाळी सूर्य वर येण्याआधी तिथं झाडाचं पान हलत नाही. पिकअपच्या हौद्यात आम्ही एक बांबू उभा केला. बुडाशी सैल बांधला, म्हणजे त्याला मागे कलता येईल. पुढून ताणकाट्याने केबिनच्या जाळीला अडकवला. कापडं केबिनच्या वर येतील अशी शेंड्याला बांधली. गाडी पुढे जाणार, हवा कापडांना मागे ओढणार, काटा बांबूला धरून ठेवणार आणि धरून ठेवायला किती जोर लागतोय ते सांगणार. आधी नुसता बांबू घेऊन एक फेरी मारली, म्हणजे त्याची स्वतःची ओढ वजा करता येईल. प्रत्येक वेगाला एकदा जाताना आणि एकदा येताना मोजलं. थोडी झुळूक असली तरी एका बाजूला ती मदत करते, दुसऱ्या बाजूला नडते, आणि सरासरीत फिटून जाते.

ताशी वीसला काटा दोन किलोच्या आसपास राहिला. कृष्णराजचा अंदाज होता की चाळीसला चार होतील. आठ झाले. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, काट्याचा हूक नीट अडकलाय का बघून आला, आणि परत पळवली. परत आठ. त्या दिवशी माळावरचं वारं चाळीसच्या खाली नक्कीच नव्हतं. काठीच्या उंचीवर आठ किलोची ओढ म्हणजे आण्णांच्या हातांशी ज्वारीच्या भरल्या पोत्याएवढा जोर, तोही अचानक.

घरी कृष्णराजने न्याहारीला सगळं सांगितलं. आण्णा म्हणाले, देवाला काट्याला टांगलं का आता? आणि उठून गेले. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीशी गेलो तर ते आधीच हौद्यात उभे होते. कमरेला काठीचा चामडी पट्टा बांधलेला. मला म्हणाले, तो काटा काढ.

मी नको म्हणत होते. कृष्णराजनेच तोड काढली. बांबूच्या मागे आडवा दोर बांधला, म्हणजे हातातून गेला तरी हौद्याबाहेर जाणार नाही. आण्णांनाही केबिनच्या जाळीला पट्ट्याने बांधलं. बांबूला नेहमीच्या जागी, बुडाशी हात घातले आणि आण्णा म्हणाले, चल.

वीसला त्यांनी बांबू सहज धरला. वेग वाढत गेला तसे त्यांचे दंड ताठ होत गेले, मानेच्या शिरा वर आल्या. चाळीसला बांबू त्यांच्या हातातून निघाला आणि मागच्या दोरावर आदळला. "परत," ते म्हणाले. परत निघाला. आणखी एकदा गेलो. या वेळी मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. बोटं शेवटपर्यंत मिटलेली होती. बांबू त्यांतून सरकत, कातडं सोलत गेला.

गाडी थांबली. आण्णा तळहात उघडून बघत राहिले. तळहात लाल झाले होते.

"ह्येच व्हतं," ते म्हणाले. "अस्संच. म्या धरलीच व्हती."

आणि ते रडायला लागले. मी आयुष्यात त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून मी कललेल्या बांबूवरची देवाची कापडं उराशी धरून उभी राहिले, कारण ती जमिनीला लागू द्यायची नव्हती.

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला इतका आनंद झाला होता की मी हवेतच होते, आणि तिथंच माझी चूक झाली.

देवळात बैठक होती, या वर्षीची काठी कुणी घ्यायची ते ठरवायला. मी ताणकाटा घेऊन गेले. माझा वर्गात येतो तसा आवाज लागला. काठी आण्णांमुळे पडलेली नाही, मी म्हटलं, कापडांमुळे पडली. दरवर्षी कापडं वाढवत गेलात, जितकं मोठं कापड तितकी ओढ, आणि सगळ्यात वरचं कापड सगळ्यात वाईट. आकडे सांगितले. भागवतकाकांनी काटा स्वतः ओढून बघितला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेळात मान्य केलं. या वर्षी काठीला फक्त निशाण राहील, कापडं देवळासमोरच्या दोन कडुलिंबांमध्ये दोरी ताणून तिच्यावर बांधायची, असं ठरलं. काठी आण्णांनीच घ्यावी असंही सगळे म्हणाले. आण्णा बघू म्हणाले. मी जिंकल्यासारखी बघत होते. बायकांमधून शिवकांताकाकू उठल्या आणि कुणाशी न बोलता घरी गेल्या.

वाटेत आईने मला धरलं. "अगं शहाणे," ती म्हणाली, "सगळ्यात वर लुगडं कुणाचं व्हतं, ठावं हाय का तुला?"

हिरवं नऊवारी. काकूंची लेक निकिता नर्सिंगला लागली, तिच्या नवसाचं. दोन घड्या घालून निशाणाच्या लगेच खाली बांधलेलं. मी ते स्वतःच्या हाताने बांबूला बांधलं होतं आणि कुणाचं असेल हा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नव्हता. बापाला सोडवण्याच्या नादात जिचं हाड मोडलं तिलाच मी भर देवळात गुन्हेगार ठरवून आले होते. मला माझीच लाज वाटली. आण्णांना सांगितलं तर त्यांनी मला एक शब्दही बोल लावला नाही. पायात वहाणा घातल्या आणि पांदीने न जाता सरळ गल्लीने निघाले. मी मागोमाग गेले.

काकू ओसरीवर शेंगा फोडत होत्या, डाव्या हाताने. उजवा अजून पुरता वर जात नाही. आण्णांना दारात बघून त्या उठल्या नाहीत, नुसता पाट पुढे सरकवला. आण्णा त्यावर बसले. मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, यात नवीन काय सांगितलंस, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. लुगडं फडफडताना त्यांनी मागून पाहिलं होतं आणि काठी कललेलीही पाहिली होती. आण्णा वर्षभर येत नाहीत ते यामुळेच, असं त्यांनी धरलं होतं. म्हणाल्या, माझ्या लुगड्याने त्यांची काठी पाडली, त्यांचा मान घालवला, मग कशाला येतील.

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वैनी," ते म्हणाले, "काठी माझ्या हातनं सुटली. पण वरीसभर तुमच्या दारात आलो न्हाय, ते काय सुटलं न्हाय. ते म्या सोडलं व्हतं. तेवढं पदरात घ्या."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग नाक ओढून, नेहमीच्या करड्या आवाजात मला म्हणाल्या, की उद्या माझं लुगडं एकटं मोज. सगळ्यांचं मिळून आठ तर माझं किती, ते मला बी कळू दे.

मला ते नको होतं. लुगडं मोठं आहे हे मला दिसत होतं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौद्यात पोती टाकून काकूंना बसवलं. शेजारी आण्णा, काट्याच्या अगदी समोर. मी पलीकडच्या बाजूला बांबूशी. शेंड्याला एकटं हिरवं लुगडं. कृष्णराजने गाडी इतकी हळू उचलली की अंडी नेतोय असं वाटावं. वीसला काटा थोडा सरकला. वेग वाढला, लुगडं ताणलं गेलं, फडफडायला लागलं, आणि चाळीसला काटा अडीचवर येऊन थरथरत राहिला.

अडीच. मी मनातल्या मनात भराभरा वजाबाकी केली. लुगडं नसतं तरी बाकीच्यांची साडेपाच किलो ओढ उरतेच, आणि तेवढ्यानेही काठी गेलीच असती. हे खरं होतं आणि हे मला काकूंना नीट समजावून सांगायचं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आण्णांनी काट्यावर वाकून बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "अर्धा. अर्धा किलो बी न्हाय धड."

प्रयोगात आकडा फिरवणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढते. मी आण्णांकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते. वर्षभर खऱ्यासाठी तळमळलेला माणूस, आणि स्वतःला खरं मिळाल्यावर दुसरीसाठी बिनदिक्कत खोटं बोलत होता. मला त्यांची इतकी माया आली की सांगता येत नाही.

"हो," मी म्हटलं. "अर्धाच."

गाडी थांबली. कृष्णराजने हौद्याची फळी पाडली. आण्णा आधी उतरले आणि काकूंना हात दिला, डाव्या बाजूने. मी लुगडं बांबूवरून सोडून काकूंना दिलं. काकूंनी ते गुडघ्यावर धरून, एका हाताने पण नीट काठाला काठ जुळवून घडी घातली. मग घडी आण्णांच्या हातात ठेवली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आकडं मला बी वाचता येत्यात. अडीच व्हतं."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

"हे दोरीवर बांधा औंदा," काकू म्हणाल्या. "अन् काठी तुमीच घ्या. म्या म्हागंच चालते, गेल्या साली चालत व्हते तिथंच."